सर्वोत्तम रणगाडा कोणता? हा वाद नीट कसा घालावा

रणगाड्यांची आवड असलेली चार माणसे एकत्र बसली की पहिला चहा संपेपर्यंत जर्मन टायगर, सोव्हिएत टी-३४, अमेरिकी शर्मन, ब्रिटिश सेंच्युरियन आणि अमेरिकी अब्राम्स ही नावे हमखास निघतात. तासाभराने आवाज चढलेले असतात आणि प्रत्येक जण आपले मत आणले तसेच परत घेऊन जातो. माहिती कमी पडते म्हणून असे होते असे म्हणवत नाही, कारण तोफेचा व्यास, चिलखताची जाडी आणि इंजिनाची अश्वशक्ती बहुतेकांना तोंडपाठ असते. खरी अडचण अशी की एकाच्या मनात सर्वांत भयंकर रणगाडा असतो, दुसऱ्याच्या मनात युद्ध जिंकून देणारा असतो, तिसऱ्याच्या मनात ज्यात बसून स्वतः जिवंत परत येता येईल असा असतो आणि तिघेही त्याला ‘सर्वोत्तम’ हा एकच शब्द लावतात. हा वाद मोलाचा आहे असे मला मनापासून वाटते, कारण तो नीट घातला तर यंत्र, माणूस, कारखाना आणि रणभूमी यांचे नाते जसे उलगडते तसे ते तक्त्यांतून कधीच उलगडत नाही. म्हणून तो घालण्याची एक रीत येथे मांडत आहे.

प्रश्न आधी कागदावर उतरवावा

चर्चेला बसण्यापूर्वी प्रश्न एका वाक्यात लिहून सर्वांसमोर ठेवावा आणि त्या वाक्यात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत असा आग्रह धरावा: कोणते वर्ष, समोर कोणता शत्रू आणि रणगाडा कोणत्या सैन्याच्या हाती. ‘टी-३४ चांगला की जर्मन पँथर?’ हा प्रश्न वादासाठी निरुपयोगी आहे. ‘१९४३ च्या उन्हाळ्यात, पूर्व आघाडीवर, सोव्हिएत सैन्याला स्वतःच्या कारखान्यांतून जे मिळू शकत होते त्यात टी-३४ हा योग्य रणगाडा होता काय?’ हा प्रश्न मात्र तासभर पुरतो आणि त्याचे उत्तरही निघू शकते.

वर्ष ठरवणे इतके महत्त्वाचे का, हे फ्रेंचांच्या रेनॉ एफटीवरून पटते. १९१७ साली आलेल्या या चिमुकल्या रणगाड्यात दोनच माणसे मावत आणि त्याचा वेग धावत्या माणसाहूनही कमी होता. पण पुढे चालक, मध्ये चहूबाजूंना फिरणारा बुरूज आणि मागे इंजिन ही मांडणी त्याने रूढ केली आणि शंभर वर्षांनंतरही जगातले बहुतेक रणगाडे त्याच मांडणीने बनतात. पुढच्या पिढ्यांवर पाडलेला प्रभाव ही कसोटी असेल तर याच्या जवळपासही कोणी येत नाही. हाच रणगाडा १९४० सालच्या लढाईत मात्र आतल्या दोघांसाठी मृत्यूचा सापळा होता. दोन्ही विधाने खरी आहेत आणि प्रश्नात वर्ष नसेल तर ती एकमेकांवर आदळत राहतात.

नावापुढे नमुनाही लिहावा. १९४१ चा टी-३४ आणि १९४४ च्या आरंभी आलेला टी-३४-८५ यांचे नाव एक असले तरी पहिल्याच्या बुरुजात दोन माणसे होती आणि दुसऱ्याच्या बुरुजात तीन, आणि हा फरक तोफेच्या फरकापेक्षाही मोठा आहे. तो का, ते पुढे येईल. आखूड तोफेचा सुरुवातीचा जर्मन पॅन्झर-४ आणि १९४२ पासून लांब नळीची ७५ मिमी तोफ मिळालेला पॅन्झर-४ यांनाही एकाच ओळीत बसवू नये.

चिलखताचा हिशेब पुठ्ठ्यावर करून पाहावा

वादात सर्वांत लवकर भांडण जुंपते ते चिलखताच्या जाडीवरून, आणि ते सोडवायला सर्वांत सोपेही आहे. एक जाड पुठ्ठा घ्यावा. तो टेबलावर उभा धरून पट्टी आडवी टेकवावी आणि आडव्या रेषेत किती जाडी पार करावी लागते ते मोजावे. मग तोच पुठ्ठा मागे कलता करावा, इतका की उभ्या रेषेपासून त्याचा कोन ६० अंशांचा होईल, आणि पुन्हा आडवी जाडी मोजावी. ती दुप्पट भरते. टी-३४ च्या पुढच्या पत्र्याचे नेमके हेच आहे: पत्रा ४५ मिमीचा, कल ६० अंशांचा, म्हणून समोरून येणाऱ्या गोळ्याला कापावे लागणारे अंतर ९० मिमी.

आता हीच रीत शर्मनला लावावी. सुरुवातीच्या वेल्ड केलेल्या शर्मनचा पुढचा पत्रा ५१ मिमीचा आणि कल ५६ अंशांचा होता. हिशेब केला तर सुमारे ९१ मिमी भरतात. मी हा आकडा चर्चेत ठेवतो तेव्हा बहुतेक जण तो स्वतः पुन्हा करून पाहतात, कारण टी-३४ चे चिलखत अभेद्य आणि शर्मनचे पत्र्याच्या डब्यासारखे अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. टायगरचा पुढचा पत्रा १०० मिमीचा पण जवळजवळ उभा होता. म्हणजे ५७ टनांच्या रणगाड्याने समोरून मिळवलेले संरक्षण तीस टनांच्या शर्मनपेक्षा आपण समजतो तितके अधिक नव्हते. कुशीच्या बाजूने मात्र टायगरचा पत्रा फार सरस होता आणि तिथे त्याचे वजन खरोखर कामी येत होते.

या हिशेबाची मर्यादाही सांगून टाकावी. पोलादाचा दर्जा, गोळ्याचा व्यास, गोळ्याच्या टोकाची घडण आणि निसटून जाण्याचा कोन यांमुळे प्रत्यक्ष परिणाम बदलतो. तरीही ‘जाड’ आणि ‘पातळ’ हे शब्द टाकून सर्वांनी एकाच मापाने बोलायला लागणे हा या टप्प्याचा उद्देश असतो आणि तो पुठ्ठ्याने साधतो.

मनाने बुरुजात जाऊन बसावे

कागदावरचे आकडे संपले की वादातल्या प्रत्येकाला एक काम द्यावे: या रणगाड्यात शिरल्यावर मला काय दिसते, माझ्या हाताशी कोणती कामे आहेत आणि शेजारच्या रणगाड्याशी मी कसा बोलतो, हे सांगावे. माझ्या मते साऱ्या चर्चेचा गाभा येथे आहे. रणगाड्यांच्या लढाईत जो आधी पाहतो तो बहुधा आधी गोळा टाकतो आणि जो आधी गोळा टाकतो तो बहुधा वाचतो.

१९४० सालचा फ्रेंच शार बी-१ घ्यावा. १६ मे १९४० रोजी स्टॉन गावात कॅप्टन पिएर बिलोत यांच्या ‘यूर’ नावाच्या शार बी-१ बिसने जर्मन रणगाड्यांच्या रांगेत शिरून १३ रणगाडे निकामी केले आणि अंगावर १४० मारे झेलूनही तो परत आला. तक्त्यात पाहिले तर त्या वर्षी जर्मनांकडे याच्या तोडीचे काहीच नव्हते. मग फ्रान्स सहा आठवड्यांत कोसळला कसा? मोठी कारणे सेनापतींच्या निर्णयांत आहेत, परंतु एक कारण बुरुजात सापडते. शार बी-१ च्या बुरुजात एकच माणूस बसत असे. शत्रू कुठे आहे ते शोधायचे, चालकाला दिशा सांगायची, तोफेत गोळा भरायचा, नेम धरायचा, तोफ उडवायची आणि हे सारे करता करता आपल्या तुकडीचे काय चालले आहे याचेही भान ठेवायचे, ही सगळी कामे त्या एकट्याकडे होती. समोरच्या पॅन्झर-३ च्या बुरुजात तिघे होते: एक भरणारा, एक नेम धरणारा आणि तिसरा, ज्याला फक्त पाहायचे आणि हुकूम द्यायचे एवढेच काम. शिवाय जर्मन रणगाड्यांत रेडिओ होते. तोफ लहान, चिलखत पातळ. पण डोळे उघडे आणि कान शाबूत.

टी-३४ च्या बाबतीत हेच पुन्हा दिसते. मिखाईल कोश्किन यांच्या चमूने बनवलेल्या या रणगाड्यात उतरते चिलखत, ५०० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन, रुंद पट्टे आणि ७६ मिमी तोफ यांचा मेळ असा होता की १९४१ मध्ये तो पाहून जर्मन अधिकारी चकित झाले. पण त्या वर्षीच्या टी-३४ मध्ये कमांडर स्वतःच नेम धरत असे, बाहेर पाहण्याची सोय तुटपुंजी होती आणि रेडिओ बहुतांशी तुकडीप्रमुखाच्या रणगाड्यातच असे. त्यामुळे चांगला रणगाडा हाती असूनही अनेक तुकड्या आंधळ्यासारख्या लढल्या. टी-३४-८५ मध्ये तीन माणसांचा बुरूज आला तेव्हा नव्या ८५ मिमी तोफेइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, फायदा कमांडरचे हात मोकळे झाल्याने झाला असे मी मानतो.

बुरुजाच्या आतली जागा रणभूमीवर कशी उमटते याचे मला सर्वांत आवडते उदाहरण गोलान टेकड्यांवरचे आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेथे इस्रायलकडे ब्रिटिश बनावटीचे, १०५ मिमी तोफ बसवून सुधारलेले सेंच्युरियन होते आणि सीरियाकडे टी-५५ व टी-६२. टी-५५ चा बुरूज बुटका आणि घुमटासारखा आहे, त्यामुळे तो लांबून कमी दिसतो आणि हा त्याचा मोठा गुण मानला जातो. परंतु तोफेचे तोंड खाली झुकवायचे तर तिचा मागचा भाग आत वर उचलला जातो आणि बुटक्या बुरुजात तो लगेच छताला टेकतो. म्हणून टी-५५ ची तोफ सुमारे ५ अंशच खाली झुकते, तर सेंच्युरियनची १० अंश. अंगण उतरते असलेल्या घराच्या गच्चीवरून खाली पाहायचे असेल तर कठड्यावर किती वाकावे लागते, हे आठवावे. सेंच्युरियन उताराच्या मागे उभा राहून बुरूज तेवढा वर काढून खालच्या दरीत मारा करू शकत होता. टी-५५ ला तेच करायचे तर अर्धे अंग उघडे टाकून माथ्यावर यावे लागे. इस्रायली सैन्याने तर रणगाडे उभे करण्यासाठी मातीचे चढ आधीच रचून ठेवले होते. ७७ व्या बटालियनचे प्रमुख अविग्दोर काहलानी यांच्या मोजक्या रणगाड्यांनी ‘अश्रूंची दरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात जो प्रतिकार केला त्यात माणसांच्या शौर्याबरोबर या पाच अंशांचाही वाटा आहे. त्याच लढाईत रात्री पारडे उलटे झुकत असे, कारण सीरियन रणगाड्यांत अवरक्त किरणांची रात्रदृष्टी होती आणि इस्रायली रणगाड्यांत ती नव्हती. एकाच रणभूमीवर, त्याच दोन यंत्रांत, दिवसा एक सरस आणि रात्री दुसरे; चर्चेत ही दोन्ही अंगे मांडणारा माणूस मला भरवशाचा वाटतो.

कर्मशाळेचा हिशेब मागावा

यानंतर प्रत्येक पक्षाला विचारावे की तुमचा रणगाडा महिनाभर चालवल्यावर शंभरपैकी किती सुरू राहतील आणि बिघडलेला दुरुस्त करायला किती माणसे आणि किती वेळ लागेल. जर्मन जड रणगाड्यांचे चाहते या प्रश्नाने थोडे गप्प होतात, तरीही तो टाळू नये.

टायगरची चाके एकमेकांत गुंफलेली होती. त्यामुळे वजन पट्ट्यावर सारखे पसरे आणि चाल मऊ होई, हा खरा फायदा होता. पण आतले एखादे चाक खराब झाले तर बाहेरची कित्येक चाके आधी काढावी लागत, आणि रशियन हिवाळ्यात त्या फटींतला चिखल रात्रीत गोठून चाके जखडून टाकी. त्याचा लढाईचा पट्टा ७२.५ सेंटिमीटर रुंद होता आणि तो लावलेला रणगाडा रेल्वेच्या वाघिणीबाहेर डोकावे. म्हणून प्रत्येक रेल्वेप्रवासाआधी तो उतरवून ५२ सेंटिमीटरचा अरुंद पट्टा चढवायचा आणि मुक्कामाला पोचल्यावर पुन्हा उलट खटाटोप करायचा. पँथरची तोफ आणि समोरचे चिलखत त्या काळातले उत्कृष्ट होते, परंतु इंजिनाची शक्ती पट्ट्यांपर्यंत पोचवणारी शेवटची दातेरी चाकांची जोडणी इतकी कमकुवत होती की युद्धानंतर जप्त पँथर वापरणाऱ्या फ्रेंच सैन्याने १९४७ च्या अहवालात तिचे सरासरी आयुष्य १५० किलोमीटर नोंदवले. पुण्याहून मुंबईला पोचण्याइतके अंतर. त्यानंतर तो भाग बदलायचा.

शर्मनचे मोठेपण येथे लक्षात येते. त्याच्या चाकांचे जोड बाहेरून बोल्टने लावलेले होते, ते तसेच काढून नवे लावता येत. त्याचे तीस टन वजन जहाजांच्या याऱ्या, बंदरे आणि लष्करी पूल यांना पेलणारे होते, आणि डेट्रॉइटमध्ये बनलेला रणगाडा समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या वाळवंटात किंवा इटलीच्या डोंगरात लढणार असेल तर हा विचार तोफेच्या आधी करावा लागतो. सुमारे ४९,००० शर्मन बनले. टायगर १,३५० च्या आसपास. ‘संख्येने काय होते, समोरासमोर टायगरच जिंकला असता’ असा युक्तिवाद आला तर तो खोडण्याची घाई न करता प्रश्नाच्या कागदाकडे बोट दाखवावे: आपण द्वंद्वाचा निकाल शोधतो आहोत की सैन्याच्या गरजेचा?

शर्मन लवकर पेट घेई, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला खरेच उत्तर द्यावे. दारूगोळा रणगाड्याच्या बाजूंना ठेवलेला असल्याने मार बसल्यावर तो पेटे. पुढे तो तळाशी, पाणी भरलेल्या कप्प्यांनी वेढून ठेवण्यात आला आणि १९४५ च्या अमेरिकी लष्करी पाहणीत आढळले की जुन्या मांडणीचे ६० ते ८० टक्के रणगाडे मारानंतर पेटत असत, तर नव्या मांडणीचे १० ते १५ टक्के. सदोष रणगाडा वापरता वापरता किती लवकर सुधारला गेला, हीसुद्धा स्वतंत्र कसोटी आहे.

एक प्रकरण पूर्ण तपासून पाहावे: पॅटन आणि सेंच्युरियन, १९६५

रीत समजली की ती एका खऱ्या प्रकरणाला लावावी, आणि आपल्या वाचकांसाठी सप्टेंबर १९६५ च्या भारत-पाक युद्धाइतके योग्य प्रकरण दुसरे नाही. शक्य असेल तर त्याआधी अहिल्यानगरला जावे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र त्या शहरात आहे आणि १९९४ साली तेथे सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन, पॅटन आणि भारतात बनलेला विजयंता हे जवळून पाहता येतात. तेथे गेल्यावर फलक वाचून पुढे सरकू नये. रणगाड्याच्या पुढच्या पत्र्यासमोर उभे राहून त्याचा कल डोळ्यांनी जोखावा, बुरुजाच्या माथ्यापर्यंतची उंची स्वतःच्या उंचीशी ताडून पाहावी आणि चालकाचे झाकण किती लहान आहे ते पाहून पेटत्या रणगाड्यातून त्यातून बाहेर पडण्याची कल्पना करावी. वादात बोलताना त्यानंतर शब्द आपोआप जपून येतात.

प्रश्न असा लिहू: ‘सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबच्या मैदानात पॅटन आणि सेंच्युरियन यांपैकी सरस रणगाडा कोणता होता?’ कागदावर पाकिस्तानकडचा अमेरिकी पॅटन नवा आणि वेगवान होता. त्याला ९० मिमी तोफ आणि अंतर मोजणारे दुर्बीणयंत्र होते. भारताच्या सेंच्युरियनला २० पौंडी, म्हणजे ८४ मिमी तोफ होती. वजन पन्नास टनांवर, वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत. लढाईपूर्वी पॅटनचा दबदबा मोठा होता आणि तक्ता वाचणाऱ्याने तो मान्य केला असता.

खेमकरणजवळ असल उत्तर येथे ८ ते १० सप्टेंबरदरम्यान पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचा हल्ला मोडून पडला. भारतीय गणनेनुसार तेथे ९७ पाकिस्तानी रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले आणि भिखीविंडजवळ ते मांडून ठेवलेल्या जागेला ‘पॅटननगर’ असे नाव पडले. एवढे सांगून ‘म्हणून सेंच्युरियन सरस’ असा निष्कर्ष काढणे हा या वादातला सर्वांत मोठा आणि सर्वांत समजण्याजोगा मोह आहे, कारण त्यात आपला अभिमान गुंतलेला असतो. पण त्या रणगाड्यांपैकी सगळे पॅटन नव्हते. मारणारेही सगळे सेंच्युरियन नव्हते: भारतीय रणगाडा रेजिमेंटांपैकी थर्ड कॅव्हलरीकडे सेंच्युरियन होते, डेक्कन हॉर्सकडे जुने शर्मन होते आणि एट्थ कॅव्हलरीकडे हलके फ्रेंच एएमएक्स-१३. पायदळाच्या चौथ्या ग्रेनेडिअर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी तर जीपवर बसवलेल्या १०६ मिमी बिनधक्क्याच्या तोफेने पॅटन टिपले आणि तेथेच वीरमरण पत्करून परमवीरचक्र मिळवले. शेतांत पाणी सोडलेले होते, त्यामुळे पॅटनचा वेग चिखलात रुतला. ऊस उंच वाढलेला होता, त्याआड भारतीय रणगाडे घोड्याच्या नालेसारखी रचना करून दबून बसले होते आणि त्यांनी अगदी जवळून मारा केला. दूरचे अंतर अचूक मोजणाऱ्या यंत्राचा अशा ठिकाणी उपयोग तो काय? रणगाडा उत्तम असूनही त्याच्या गुणांना वाव राहू नये अशी जागा निवडणे हे ब्रिगेडियर थिओगराज आणि मेजर जनरल गुरबक्षसिंग यांच्या नेतृत्वाचे यश आहे.

हे पटत नसेल तर नकाशावर उत्तरेला सियालकोट आघाडीकडे यावे. ११ सप्टेंबरला फिलोरा येथे भारतीय सेंच्युरियननी मैदान मारले, परंतु त्यानंतर चविंडा येथे त्याच सेंच्युरियनना पाकिस्तानी बचाव फोडता आला नाही, आणि त्या बचावात पॅटनही होते. रणगाडे तेच, आठवडा जवळपास तोच; बदलली होती ती भूमिका. हल्ला करणाऱ्याला उघड्यावर यावे लागते आणि आडोशाला बसलेला त्याला आधी पाहतो. मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले आणि पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर याच आघाडीवर जखमी होऊनही मागे न जाता लढत राहिले आणि १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. त्यांच्या परमवीरचक्राच्या मानपत्रात रेजिमेंटने शत्रूचे साठ रणगाडे नष्ट केल्याची आणि स्वतःचे नऊ गमावल्याची नोंद आहे.

असा आकडा वादात कसा वापरावा, हेही सांगितले पाहिजे. कोणत्याही सैन्याची शत्रूहानीची गणना लढाईच्या धुरात झालेली असते. एकाच रणगाड्यावर दोघांनी मारा केला तर तो दोनदा मोजला जातो आणि आज निकामी झालेला रणगाडा शत्रू रात्रीत ओढून नेऊन आठवड्याने पुन्हा उभा करू शकतो. म्हणून ज्याच्या ताब्यात रणभूमी राहिली त्याची मोजणी अधिक वजनदार मानावी, कारण त्याला लोखंड हाताने मोजता येते. असल उत्तरचा आकडा या कारणाने भक्कम आहे. याच निकषाने जर्मन रणगाडापटूंचे मोठमोठे वैयक्तिक आकडे वाचावेत, कारण ती रणभूमी बहुधा त्यांच्या हाती राहिली नव्हती.

मग १९६५ चा निकाल काय? माझे मत असे की यंत्र म्हणून दोन्ही जवळपास तुल्यबळ होते. सेंच्युरियनचे चिलखत अधिक भरवशाचे आणि तोफ साधी पण अचूक, तर पॅटनची नेम धरण्याची व्यवस्था पुढारलेली पण ती आत्मसात करायला अधिक प्रशिक्षण मागणारी. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पुण्यात जन्मलेल्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी आग लागलेला आपला ‘फामागुस्टा’ नावाचा सेंच्युरियन सोडण्यास नकार दिला, कारण त्याची तोफ अजून चालत होती. तेव्हाही समोर पॅटनच होते. त्या दिवशीच्या निर्णयाला कोणत्याही तक्त्यात रकाना नाही आणि तो रणगाड्याच्या गुणांत जमा करणे हा त्या एकवीस वर्षांच्या अधिकाऱ्यावर अन्याय होईल.

अलीकडचे रणगाडे

अब्राम्स, जर्मन लेपर्ड-२, सोव्हिएत टी-७२ यांच्याविषयी बोलताना समोर कोण होते, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. २६ फेब्रुवारी १९९१ रोजी इराकच्या वाळवंटात अब्राम्सनी इराकी टी-७२ रणगाड्यांची दाणादाण उडवली, पण ते निर्यातीसाठी बनवलेले हलक्या प्रतीचे नमुने होते, त्यांचे गोळे जुने होते आणि धुळीच्या वादळात अब्राम्सला उष्णतेवरून दिसत होते तेव्हा त्यांना काहीच दिसत नव्हते. त्या लढाईवरून टी-७२ ला निकालात काढणे जितके चुकीचे, तितकेच २०१६ अखेर सीरियातील अल-बाब येथे तुर्की लेपर्ड-२ नष्ट झाले म्हणून लेपर्डला टाकाऊ म्हणणे चुकीचे. तेथे ते पायदळाच्या पुरेशा साथीविना, कुशी उघड्या टाकून उभे होते.

रचनेतली निवड मात्र चर्चेला घेण्याजोगी आहे. टी-७२ मध्ये आपोआप गोळा भरणारे यंत्र आहे, त्याचे २२ गोळे बुरुजाखाली वर्तुळात मांडलेले असतात. त्यामुळे चौथा माणूस लागत नाही आणि रणगाडा लहान व हलका राहतो, पण मार आत शिरला तर दारूगोळा माणसांच्या पायाखालीच फुटतो. अब्राम्समध्ये बहुतेक गोळे बुरुजाच्या मागच्या कप्प्यात जाड दाराआड असतात आणि स्फोट झाला तर त्या कप्प्याचे छत उडून ज्वाळा वर निघून जातात. पहिल्या रचनेने हजारो रणगाडे स्वस्तात उभे राहतात, दुसरीने प्रशिक्षित माणसे वाचतात. आपल्या चिलखती दलाने टी-७२ ‘अजेय’ या नावाने दीर्घकाळ वापरला आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी परदेशातल्या यंत्रांचा नाही.

चर्चा चालवताना

प्रत्यक्ष बैठकीत चार-पाचांहून अधिक रणगाडे घेऊ नयेत आणि दोन तासांत एकच प्रश्न हाताळावा. मध्यांतरानंतर बाजू बदलायला लावावी: टायगरवर जीव असणाऱ्याने शर्मनची बाजू मांडावी आणि ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना आपण कोणता मुद्दा विसरलो होतो, ते टिपून घ्यावे. आरंभीच प्रत्येकाने कागदावर लिहून ठेवावे की कोणता पुरावा समोर आला तर मी माझे मत बदलेन. ज्याला असे काहीच लिहिता येत नाही त्याला श्रोता म्हणून बसवावे, त्याचा मान राखूनच. ‘सगळेच आपापल्या जागी चांगले’ अशा समारोपालाही थारा देऊ नये. प्रश्न नीट लिहिलेला असेल तर त्याला उत्तर असते आणि ते देण्याची जबाबदारी घ्यावी.

निकाल लिहिताना नाव, नमुना, वर्ष आणि कारण एका ओळीत यावे. माझ्या वहीत सध्या असे लिहिलेले आहे: मांडणीच्या प्रभावासाठी रेनॉ एफटी, १९१७. युद्धाच्या निकालावरील परिणामासाठी टी-३४, १९४२ ते ४४, माणसांची फार मोठी किंमत मोजून. दूरच्या मोहिमेतील सैन्याच्या गरजेसाठी शर्मन, १९४२ ते ४५. आणि दीर्घकाळ सुधारत राहण्याच्या क्षमतेसाठी सेंच्युरियन, १९४५ ते १९७३, कारण एकच सांगाडा दोन वेळा तोफ बदलून, इंजिन बदलून, पंजाबच्या उसापासून गोलानच्या काळ्या दगडांपर्यंत लढला. टायगरच्या नावापुढे मी अजून काही लिहिलेले नाही. त्याची बाजू मांडणाऱ्या मित्राने कुशीच्या चिलखताचा हिशेब करून आणायचे कबूल केले आहे, तो आला की पुढची बैठक.